दस्तुर खुद्द

गंगाखेडात कुणाला आपलं म्हणणं सरकारच्या कानावर घालायचं असलं, की ते आधी व्यंकट गुरुजींच्या कानावर घालावं लागे. म्हैस हरवल्याचा अर्ज, मुलाच्या दाखल्यातली चूक, नळाला पाणी येत नसल्याची तक्रार, पाणी आल्यावर ते गढूळ असल्याची तक्रार, देवळातल्या सप्ताहाची निमंत्रणपत्रिका, दौऱ्यावरच्या पाहुण्याचं मानपत्र, सगळं गुरुजींच्या हातून उतरायचं. छत्तीस वर्षं प्राथमिक शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहून त्यांचं अक्षर असं काही घोटीव झालं होतं, की तहसिलातले कारकून म्हणत, "गुरुजींचा अर्ज नामंजूर करताना हात जड होतो."

एवढं असून त्या ढीगभर कागदांत गुरुजींचं नाव शोधून सापडलं नसतं. आपल्याकडे जुनी रीत आहे. अंगठा लावणाऱ्या माणसाचा कागद दुसऱ्याने लिहिला, तर लिहिणाऱ्याने खाली 'दस्तुर' असं घालून आपलं नाव टाकायचं. उद्या कुणी विचारलंच, की हे लिहिलं कुणी, तर माणूस सापडायला हवा. आणि ज्याने स्वतःच्या हाताने लिहिलं, त्याने खाली 'दस्तुर खुद्द' घालायचं. गुरुजींना नेमकं हे सापडणंच नको असायचं. "अक्षर माझं, नाव तुमचं," असं ते हसून म्हणत. लोकांना तो विनय वाटे. तो विनय नव्हता.

खरं काय होतं, ते गुरुजींना अठ्ठ्याहत्तर सालीच कळलं होतं. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला, मराठवाड्यात घरं जळाली, आणि शाळेतले त्यांचे सहकारी सिताराम गुरुजी त्या जळिताच्या निषेधाचं एक निवेदन घेऊन त्यांच्याकडे आले. गुरुजींनी ते वाचलं. त्यातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या अकरा चुका काढल्या. रेखीव अक्षरात त्याची नक्कल करून दिली. मग सही करायची वेळ आली आणि गुरुजींच्या पोटात कळ आली. सिताराम गुरुजी ओसरीवर तासभर थांबले. कळ थांबली नाही. शेवटी ते "तब्येतीला जपा" म्हणून गेले. पुढे दहा वर्षं दोघे रोज नमस्कार करत राहिले, आणि प्रत्येक नमस्काराला गुरुजींच्या पोटात बारीकशी कळ येत राहिली.

अशा माणसाच्या ओसरीवर अठ्ठ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कडूबाई येऊन बसली. बरोबर तांब्याभर दूध.

कडूबाई सोळाव्या वर्षी विधवा झालेली, आता चाळिशी ओलांडलेली. तीन एकर रान, एक म्हैस, दोन खोल्यांचं घर. त्यातली एक खोली तिने सोळा वर्षांपूर्वी सरकारी दवाखान्यातल्या हेमा सिस्टरला भाड्याने दिली होती. हेमा परभणीची, कारकुनाची मुलगी, बिनलग्नाची. भाडं पहिल्या वर्षीच बंद झालं आणि दुसऱ्या वर्षी दोन चुलींची एक झाली. गावाला एवढंच ठाऊक होतं, की दोघींची एकमेकींना सोबत आहे. सोबत हा फार सोयीचा शब्द आहे. त्याच्या आत डोकवावं लागत नाही.

"गुर्जी, मला एक कागद पायजे," कडूबाई म्हणाली.

"कसला?"

"मी हेमाची कोन हाय, त्याचा."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. काय बोलावं हे सुचलं नाही की ते चष्मा पुसत. त्यामुळे त्यांचा चष्मा गावात सगळ्यात स्वच्छ होता.

"गेल्या म्हैन्यात हेमाच्या पोटात दुखायलं," कडूबाई सांगू लागली. "परभनीला दवाखान्यात नेली. डाक्टर म्हनला, आपरेशन करावं लागतंय, नातेवाईक कोन हाय? म्या म्हनलं, मी. त्यो म्हनला, कोन लागता? आता काय सांगू? म्हनलं, समदीच लागते. त्यो म्हनला, असं नातं नसतंय बाई, तिच्या भावाला बोलवा. भाऊ सोळा वरसांत एकडाव आला न्हाई. त्यो लांब नोकरीला, त्याला तार केली. दोन दिसानं आला, सही केली, च्या पिऊन गेला. तवर आत पू झाला हुता. वाचली म्हनून वाचली. मी दोन दिस दाराभाईर. म्होरच्या खेपंला माजा अंगठा चालंल असा कागद पायजे. डाक्टर म्हनला, रेशनकारडावर तरी नावं एकत्र हायत का?"

मामला एवढाच होता. दोन नावं, एक कार्ड. गुरुजींनी अर्ध्या तासात अर्ज लिहून दिला आणि दूध घरात पाठवलं.

तिसऱ्या दिवशी तहसिलातून बोलावणं आलं. पुरवठ्याच्या टेबलावर सूर्यभान नावाचा कारकून होता, गुरुजींचाच जुना विद्यार्थी. त्याने अर्ज पुढे सरकवला. "गुर्जी, अक्षर बगून डोळे निवले. पर ह्यो रकाना रिकामा कामून?"

रकाना होता 'कुटुंबप्रमुखाशी नाते'. गुरुजींनी तो मुद्दाम रिकामा सोडला होता, कारण त्यात काय लिहावं हे त्यांनाही कळलं नव्हतं.

मग गल्ली सल्ले द्यायला बसली. सल्ल्याचा पहिला मान शेजारच्या माणिकरावांचा. हे निजामाच्या राजवटीत पेशकार, म्हणजे साहेबापुढे कागद वाचणारे कारकून, होते. राजवट गेली, पेशकारी गेली, निवृत्तीलाही वीस वर्षं झाली, पण त्यांच्या बोलण्यातली कचेरी उठली नव्हती. "इतक्या मामुली दरख्वास्तीची काय फिकीर करता गुरुजी?" ते म्हणाले. "बहीण लिहा आणि मामला खतम करा."

हेमा सिस्टर ड्यूटीवरून परतताना ओसरीवर थांबली होती. ती म्हणाली, "ही माझी बहीण कधी झाली, ते माझ्या आईलाही ठाऊक नव्हतं पेशकारसाहेब."

"अहो, सगळं गाव तुम्हाला सिस्टर म्हणतं. सरकारनं म्हटलं तर बिघडतं काय?"

"मला सिस्टर म्हणणारी तालुक्यात पंधरा-वीस हजार माणसं असतील. सगळ्यांना कार्डावर घेते. साखर तुम्ही पुरवा."

गुरुजींच्या पत्नी लीलाबाई आतून म्हणाल्या, "मोलकरीण लिहा की. कितीतरी जण लिहितात."

"घर माजं, म्हस माजी," कडूबाई म्हणाली, "आन् मोलकरीन बी मीच व्हय वैनी?"

"मग सिस्टरांना करा."

"हिला भाकर थापता येत न्हाई. मोलकरीन म्हनून कोन ठिवंल?"

नणंद, भावजय, मानलेली मावशी, दत्तक मुलगी असे सगळे प्रस्ताव येऊन गेले. हेमा प्रत्येकाला एकच म्हणायची, "खोटं लिहायचं असतं, तर गुरुजींचं अक्षर कशाला हवं होतं?" हे ऐकून गुरुजींची छाती फुगायची आणि पोट दुखायचं.

शेवटी ते पुन्हा सूर्यभानकडे गेले. तोही कंटाळला होता. "दोन आडनावं एका कारडावर यायची एकच वाट असती गुर्जी. लगीन. लावून आना दोघींचं, आजच्या आज सायबाची सही घेतो!" कचेरी हसली. चहावाला हसला. रीत म्हणून गुरुजीही हसले.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. कचेरीतला विनोद माणसाने कचेरीत सोडून यावा. पण पुस्तकात वाढलेल्या माणसाची खोड वाईट. तो विनोदही घरी आणतो आणि तपासून बघतो. गुरुजी तडक वाचनालयात गेले. तिथल्या मागच्या कपाटात, कुणीही न उघडलेल्या कायद्याच्या पुस्तकांत, त्यांना चोपन्न सालचा विशेष विवाह कायदा सापडला. चौथं कलम त्यांनी तीनदा वाचलं. त्यात म्हटलं होतं, की कोणत्याही दोन व्यक्तींचा विवाह या कायद्याखाली लागू शकतो. एक पुरुष आणि एक स्त्री, असं नव्हतं. दोन व्यक्ती. पुढे वयाची अट होती, पुरुषाला एकवीस पुरी हवीत, स्त्रीला अठरा. गुरुजींनी विचार केला, की दोघीही स्त्रिया आहेत, तेव्हा दोघींना अठराची अट लागेल, आणि ती तर दोघी केव्हाच ओलांडून गेल्या. कुठेच अडत नव्हतं!

त्या दिवशी गुरुजी घरी आले ते हवेत चालत. आयुष्यभर त्यांनी सरकारला विनंती केली होती. आज पहिल्यांदा सरकारच्याच पुस्तकातली ओळ त्यांच्या पिशवीत होती. ते परभारे कडूबाईच्या घरी गेले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. सांगता सांगता त्यांच्या लक्षात आलं, की आपण काय सांगतो आहोत. ते एकदम थांबले आणि चष्मा पुसू लागले.

कडूबाई म्हणाली, "मंग करू की."

हेमा उठली. फळीवरच्या डब्यातून तिने वर्तमानपत्राचं कात्रण काढलं. दुसऱ्या राज्यातल्या दोन पोलीस बायकांनी एकमेकींना हार घातले, म्हणून दोघींची नोकरी गेल्याची बातमी होती. कात्रणाच्या घड्या झिजल्या होत्या. म्हणजे ते बरेचदा उघडलं गेलं होतं.

"नोकरी जाईल गुरुजी," ती म्हणाली.

"त्येंनी हार घातले," कडूबाई म्हणाली. "आपन हार न्हाई घालायचे. निस्ता कागद करू. आन् गेलीच नोकरी, तर म्हस हाय."

हेमाला हसू आलं. ऑपरेशनचे टाके ओढले तरी थांबेना. मग डोळे पुसत ती म्हणाली, "लिहा गुरुजी. मी आत बेशुद्ध होते. दोन दिवस ही दाराशी बसली होती. मला बाहेर बसायची वेळ आली, तर मला इतका धीर धरवणार नाही."

सरकारी छापील नमुन्यात वर आणि वधू असे दोनच रकाने होते. म्हणून गुरुजींनी विवाहाची नोटीस कोऱ्या फुलस्केपवर हाताने लिहिली. पक्षकार क्रमांक एक, पक्षकार क्रमांक दोन. जन्मभरातलं ते त्यांचं सर्वांत सुंदर लिखाण होतं. हेमाने सही केली. कडूबाईने अंगठा उमटवला आणि शाईचं बोट डोक्यावरच्या केसांना पुसलं. अंगठ्याशेजारी 'दस्तुर' घालायची जागा आली. गुरुजींनी ती बोटभर मोकळी सोडली.

कडूबाईला वाचता येत नव्हतं, पण रिकामी जागा दिसत होती. "हितं काय ऱ्हायलं?"

"काही नाही," गुरुजी म्हणाले. "समास."

नोटीस परभणीला विवाह अधिकाऱ्याच्या कचेरीत द्यायची होती. पहिल्या खेपेला एस.टी. अर्ध्या वाटेवरून परतली, कारण परभणी बंद होती. बंद नामांतरासाठीचा होता की नामांतराच्या विरोधातला, ते कंडक्टरलाही ठाऊक नव्हतं. गुरुजींना मनातून एवढा आनंद झाला, की त्यांनी दोघींना उसाचा रस पाजला. दुसऱ्या खेपेला एस.टी. वेळेवर पोहोचली. आवक कारकुनाने कागद हातात घेतला, म्हणाला, "वा, मोत्याचं अक्षर!" आणि मजकूर न वाचताच शिक्का मारला. मग नियमाप्रमाणे तीस दिवसांसाठी फळ्यावर लावून टाकला.

अक्षर चांगलं असण्याचा तोटा तिथे कळला. त्या फळ्यावर वर्षानुवर्षं नोटिसा लागत, कुणी ढुंकून बघत नसे. ही नोटीस लोक थांबून वाचू लागले. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचू लागले. जमिनीच्या कामाला आलेला गंगाखेडचा एक माणूस तिथे उभा राहिला आणि मोठ्याने म्हणाला, "हे तर आमच्या व्यंकट गुर्जींचं अक्षर!" गुरुजी बाजारातून भाजी घेऊन घरी पोहोचण्याआधी ही बातमी त्यांच्या घरी पोहोचली होती.

मारहाण झाली असती, तर गुरुजी कदाचित ताठ उभे राहिले असते, असं त्यांना पुढे बरेच दिवस वाटत असे. पण कुणी बोटही लावलं नाही. कुणी विचारी, "गुर्जी, आमचे दोन बैल एकाच दावनीला हायत, त्येंचं बी लावून द्या." कुणी मुकाट्याने रस्ता बदली. लीलाबाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं आलं नाही. दवाखान्यात हेमाकडे इंजेक्शन घ्यायला बायका येईनात, आणि मग ताप वाढला की येत. कडूबाईच्या दुधाची चार घरं सुटली. हे सगळं गुरुजींना कळत होतं. पण खरं सांगायचं, तर त्यांच्या जिव्हारी लागलं ते वेगळंच. त्या वर्षी सप्ताहाची निमंत्रणपत्रिका त्यांच्याकडे आलीच नाही. ती तलाठ्याच्या भावाने लिहिली. त्याचं अक्षर कोंबडीच्या पायांसारखं होतं. गुरुजी ती पत्रिका तीन दिवस खिशात घेऊन फिरले.

पुढे जे झालं, ते सांगताना कुणीही चष्मा पुसत बसावा असं आहे. तिसाव्या दिवसाच्या आत हरकत घ्यायची तरतूद कायद्यात होती. विसाव्या दिवशी माणिकराव ओसरीवर आले.

"गुरुजी, वैर नाही बरं का. दोघी शरीफ बाया आहेत. पण कायद्यात हरकतीची तरतूद आहे. तरतूद असून गावातून एकही हरकत गेली नाही, तर आपल्या तालुक्याची इज्जत काय राहिली?"

"बरोबर आहे," गुरुजी म्हणाले. का म्हणाले, देव जाणे.

"तर एक दरख्वास्त लिहून पाहिजे. माझा हात हल्ली थरथरतो."

इतक्या वर्षांत गुरुजींनी कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. आता सुरुवात करायला उशीर झाला होता. त्यांनी हरकत लिहिली. माणिकराव सांगत गेले आणि गुरुजी लिहीत गेले, 'सदर विवाहामुळे समाजव्यवस्थेस व तालुक्याच्या लौकिकास बाधा येत असून.' दोन ठिकाणी तर त्यांनी माणिकरावांना अधिक चांगला शब्द सुचवला. माणिकरावांनी थरथरत सही केली आणि म्हणाले, "दस्तुर टाका तुमचा. मजमून पक्का होतो."

गुरुजींनी दस्तुर घातला. आपलं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. हात अजिबात अडला नाही. उलट टाकताना त्यांना वाटलं, की हे नाव कधी ना कधी कुणाच्या तरी नजरेस पडेल आणि गाव म्हणेल, गुरुजी तसे आपल्यातलेच. जन्मात पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याच्या कागदाखाली नाव घातलं, ते तिथे.

सुनावणीला परभणीला जाताना एस.टी.त माणिकराव पुढच्या बाकावर आणि मागच्या बाकावर दोघींच्या शेजारी गुरुजी. दोघींना वाटत होतं, गुरुजी आपल्याबरोबर आले. माणिकरावांना वाटत होतं, गुरुजी आपल्याबरोबर आले. माणिकरावांनी चुरमुऱ्यांचा पुडा मागे दिला. कडूबाईने त्यात कांदा घातला आणि पुडा परत पुढे पाठवला. भांडण कुठे दिसतच नव्हतं. गुरुजींच्या पिशवीत कायद्याचं पुस्तक होतं, चौथ्या कलमाजवळ खूण घातलेलं.

विवाह अधिकारी साहेब मध्यमवयीन, थकलेले. मोर्चे आणि निवेदनं यांनी आधीच वैतागलेले. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिले.

"ही नोटीस. ही हरकत. दोन्ही एकाच हातची दिसतात." त्यांनी हरकतीचा तळ वाचला. "व्यंकटराव कोण?"

गुरुजी उभे राहिले.

"हरकत तुम्ही लिहिलीत?"

"होय साहेब."

"आणि नोटीस? इथं अंगठा आहे, दस्तुर नाही. लिहिणारा कोण?"

पंखा फिरत होता. माणिकरावांनी मान वळवून बघितलं. दाराशी चारपाच लोक उभे होते, त्यांत गंगाखेडचे दोघे. गुरुजींच्या पोटात कळ आली. जुनी, ओळखीची.

"सांगता येत नाही साहेब," गुरुजी म्हणाले. "अक्षरं... अक्षरं सारखी असू शकतात."

गुरुजींनी हेमाकडे बघितलं नाही. पण तिने त्यांच्याकडे बघितलं, हे त्यांना मानेवर जाणवलं.

मग कडूबाई उठली. "म्या लिवली साहेब."

"तुम्ही?"

"व्हय."

"लिहिता येतं तर अंगठा कशाला लावला?"

"येवढं लिवून बोटं दुखली. म्हनून अंगठा लावला."

दाराशी हशा पिकला. साहेबांनी तिच्यापुढे कागद आणि पेन सरकवलं. "नाव लिहा."

कडूबाईने पेन कुदळीसारखं धरलं. कागदावर एक उभी रेघ ओढली, मग तिच्या शेजारी आणखी एक. तिथे थांबली. हसणं वाढलं. गुरुजी उभेच होते. एक शब्द बोलायचा होता. छत्तीस वर्षं मुलांकडून ज्या माणसाने 'सत्यमेव जयते' गिरवून घेतलं, त्याला एक शब्द बोलायचा होता.

साहेबांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव आला. "लिहिणारा अज्ञात. अंगठ्यास दस्तुर नाही. अशी नोटीस ग्राह्य धरता येत नाही." त्यांनी लाल शाईने रेघ मारली. कायद्याचा प्रश्न निघालाच नाही. खूण घातलेलं पुस्तक पिशवीतच राहिलं. कोणत्याही दोन व्यक्ती म्हणजे कोण, हे कुणी विचारलंच नाही. साहेबांना ते विचारावं लागलं नाही, ते एका मोकळ्या सोडलेल्या बोटभर जागेमुळे.

परतीच्या एस.टी.त कुणी चुरमुरे काढले नाहीत. माणिकरावांनासुद्धा जिंकल्यासारखं वाटेना. हेमा खिडकीतून बघत होती. घरी लीलाबाईंनी विचारलं, "काय झालं?"

"तांत्रिक अडचण आली."

"म्हणजे तुम्ही?" लीलाबाई म्हणाल्या आणि ताट वाढायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडूबाई ओसरीवर हजर. गुरुजींनी वर बघितलं नाही. आता ही काय बोलेल, त्याची त्यांनी रात्रभर तयारी केली होती. शिव्या दिल्या असत्या, तर त्यांना बरं वाटलं असतं. तिने काखेतून पाटी काढली.

"गुर्जी, काल खोटं बोलले, त्ये माज्या जिवाला लागलंय. मला लिवायला शिकवा. म्होरल्या खेपंला सायबानं इचारलं, तर खरं सांगता आलं पायजे."

"कडूबाई, काल मी..."

"आदी क का आदी अ?"

सव्वा वर्ष ती रोज आली. धारा काढून झाल्या की ओसरीवर. लोक येता-जाता विचारत, "काय कडूबाई, म्याट्रिक का?" ती म्हणे, "म्याट्रिक तुमी करा, मला निस्ती नोटीस लिवायचीय." हट्टी विद्यार्थीण होती. गुरुजींचं अक्षर समोर ठेवायची आणि तसंच वळण येईपर्यंत पाटी पुसायची. वेलांटीला गुरुजी जी बारीक शेपटी काढत, तीसुद्धा तिने उचलली. दुपारी कधी हेमा यायची, दारातूनच म्हणायची, "हात कसा आहे आज?" आणि कडूबाई लाजून पाटी उलटी करायची. त्या क्षणी गुरुजी आत जाऊन पाणी पीत. लीलाबाईंनी चौथ्या महिन्यात कडूबाईला चहा दिला आणि पाचव्या महिन्यात स्वतःचा कप घेऊन शेजारी बसल्या. तेवढ्या अवधीत गुरुजींनी 'काल मी' हे वाक्य शंभरदा सुरू केलं. ते एकदाही पुरं झालं नाही.

नव्वदच्या जानेवारीत नवीन नोटीस तयार झाली. या वेळी गुरुजींनी मनाशी ठरवलं होतं. आरशासमोर उभं राहून त्यांनी ते वाक्य पाठ केलं होतं. परभणीला जाताना ते आपणहून दोघींच्या बाकावर बसले. माणिकराव नव्हते. हरकतीला हरकत नाही, पण आता एस.टी.चे धक्के सोसत नाहीत, असा त्यांनी निरोप दिला होता.

साहेब तेच होते. बदलीच्या वाटेवरचे. त्यांनी नोटीस उघडली आणि कपाळाला हात लावला.

"पुन्हा हेच अक्षर? व्यंकटराव, आता तरी सांगा. कुणी लिहिलं?"

गुरुजी उठले. पोटात कळ आली. तिला येऊ दिली.

"मी लिहिलं साहेब," ते म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला, की आवक कारकून आत डोकावला. "मीच लिहिलं. मागचंही मीच लिहिलं होतं. तेव्हा मी..."

"खोटं बोलू नगा गुर्जी," कडूबाई म्हणाली. "मागचं तुमचं. ह्ये म्या लिवलंय. खाली बगा साहेब."

साहेबांनी खाली बघितलं. अंगठा नव्हता. 'दस्तुर खुद्द', आणि पुढे कडूबाईचं पूर्ण नाव, वेलांट्यांना शेपट्या काढलेलं.

गुरुजी उभेच राहिले. पाठ केलेलं वाक्य मागच्या सुनावणीचं उत्तर होतं, ते त्यांनी या नोटिशीला देऊन टाकलं होतं. जन्मभर जमवलेलं धैर्य एकदाच खर्च केलं, आणि ते नेमकं खोट्यावर खर्च झालं होतं.

साहेबांनी मुकाट्याने कागद पुढे सरकवला. कडूबाई खुर्चीवर बसली, जीभ दातांत धरली आणि सबंध पहिलं वाक्य लिहून दाखवलं. दाराशी कुणी हसलं नाही. साहेबांनी ते वाक्य वाचलं, मग नोटीस वाचली, मग पहिल्यांदाच कायद्याचं पुस्तक उघडलं. गुरुजींनी खूण दाखवली. साहेब चौथं कलम पुटपुटत दोनदा वाचून गेले.

"फेटाळायला आता मला कारण दिसत नाही," ते म्हणाले, "आणि मंजूर करायला हिंमत नाही. मार्गदर्शनासाठी वर पाठवतो. वरून काय येईल, केव्हा येईल, सांगता येत नाही." त्यांनी पोचेवर दोन्ही नावं एका ओळीत लिहून गोल शिक्का मारला.

"ह्ये दवाखान्यात चालंल का?" कडूबाईने हेमाला हळूच विचारलं.

"शिक्का गोल आहे," हेमा म्हणाली. पोच तिने घडी न घालता पर्समध्ये ठेवली. पर्स बंद करून दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"एक राहिलं," साहेब म्हणाले. "पक्षकाराने माझ्यासमोर स्वतः लिहून दाखवलं, याला साक्षीदार लागतो. सही करणारा कोण आहे?"

कारकुनाने इकडेतिकडे बघितलं. कडूबाईने आपल्या हातातलं पेन पुसलं आणि गुरुजींपुढे धरलं.

गुरुजींनी सही केली. हात इतका थरथरत होता, की अक्षरं एकमेकांवर चढली, वेलांटीची शेपटी ओळीबाहेर गेली, आडनाव समासात जाऊन पडलं. साहेबांनी ती सही उलटीसुलटी करून बघितली. गंगाखेडच्या कुणीही शपथेवर सांगितलं असतं, की हे व्यंकट गुरुजींचं अक्षर नव्हे.